नवरा-बायकोत खरं किती बोलायचं, आणि लपवलं तर कायदा काय म्हणतो

नवरा-बायकोतला खोटेपणा म्हणलं की लोकांच्या डोक्यात पहिलं लफडंच येतं. सिरियलवाल्यांनी तेच दाखवलं आणि आपणही तेच धरून बसलो. पण आपल्या सोलापुरात जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंत कुठल्याही चार घरांत कान देऊन बघा, लपवाछपवी चालू असते ती जास्त करून पैशाची. पतसंस्थेचं लोन, दोस्ताला दिलेली जामीनकी, भिशी लागली त्याचे पैसे कुठं गेले, भावाला गुपचूप दिलेले वीस हजार, सराफाकडं ठेवलेल्या पाटल्या, मोबाइलच्या ॲपवरनं उचललेले दहा हजार ज्याचे आता तीस झालेत. त्याच्यामागं नंबर आजाराचा, म्हणजे रिपोर्टमध्ये शुगर निघालीय पण घरी सांगितलेलं नाही. मग माहेर-सासरच्या भानगडी. तिसऱ्या माणसाचा नंबर माझ्या मते बराच खाली येतो, बोभाटा मात्र त्याचाच सगळ्यात जास्त होतो.

खरं बोलावं हे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतंच, त्याला लेख कशाला लागतोय. अवघड प्रश्न वेगळा आहे. सगळं सांगायचं का? नाही सांगितलं तर ते खोटं धरायचं का? बायकोनं डब्यात पैसे साठवले तर ती फसवणूक आणि नवऱ्यानं मित्राचं लोन अंगावर घेतलं तर ती दोस्ती, असं कसं चालेल? आणि हे सगळं कोर्टापर्यंत गेलं तर तिथं काय होतं? हे जरा सुटं करून बघू.

आधी माणसाच्या स्वभावाचं. बेला डीपॉलो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा उद्योग केला. कॉलेजची ७७ पोरंपोरी आणि बाहेरची ७० मोठी माणसं घेतली, प्रत्येकाला आठवडाभर डायरी लिहायला लावली, कुणाशी काय बोललात आणि त्यातलं खोटं किती. १९९६ मध्ये ते छापून आलं. पोरांची सरासरी दिवसाला दोन खोटी, मोठ्यांचं एक. आता ह्यातला कामाचा भाग असा की माणूस जितका जवळचा तितकं त्याच्याशी खोटं कमी, नवरा-बायकोत तर दहा वेळा बोलणं झालं तर त्यात एकदाही पुरतं नाही. वाचून बरं वाटतं ना? थांबा. त्याच बाईंनी २००४ मध्ये दुसरा अभ्यास छापला, त्यात लोकांना विचारलं की आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं सांगा, तुम्ही बोललेलं किंवा तुमच्याशी कुणी बोललेलं. तिथं चित्र उलटं निघालं. मोठी खोटी जास्त करून जवळच्याच माणसांत बोलली गेली होती.

अमेरिकेतली माणसं ती, घरात सासू नाही, दीर-जाऊ नाही, त्यामुळं आकडे जसेच्या तसे इकडं चिकटवू नका. पण उलटा हिशेब आपल्यालाही पटण्यासारखा आहे. परक्याशी मोठं खोटं बोलायची वेळच येत नाही, कारण तो रुसला काय आणि गेला काय, आपलं काय जातंय. जिथं गमवायला भीती वाटते तिथंच माणूस मोठं काहीतरी दडवतो. म्हणजे लपवलं म्हणून प्रेम नाही असं सरळ म्हणता येत नाही. आणि प्रेम आहे म्हणून लपवलं, हे सांगून सुटताही येत नाही, ते पुढं येईलच.

दुसरा गैरसमज, "मला हिचं तोंड बघूनच कळतं" किंवा "आमच्या ह्यांना खोटं बोलताच येत नाही, लगेच पकडते मी". नाही हो. २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो या दोघांनी जगभरातले असे सगळे प्रयोग एकत्र केले, खोटं ओळखायला बसवलेली माणसं मिळून २४ हजारांच्या वर, आणि बरोबर ओळखण्याचं प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात. त्याच्याही आधी, १९८६ मध्ये, मॅकॉर्नॅक आणि पार्क्स या दोघांनी दाखवलं होतं की नातं जवळचं झालं की "मला कळतं" हा कॉन्फिडन्स वाढतो, प्रत्यक्ष ओळखता येणं मात्र वाढत नाही. जवळच्या माणसाचं आपण खरंच धरून चालतो, आणि धरावंही लागतं, नाहीतर रोज सकाळी चहाच्या आधी उलटतपासणी घ्यायची का. म्हणून नवऱ्याचं कर्ज तीन वर्षं कळलं नाही म्हणून बायकोला "तुला एवढं पण कळलं नाही?" असं विचारणारे जे पाहुणे असतात ना, त्यांना हे वाचायला द्या.

आणि लपवणाऱ्याचं काय होतं? मायकल स्लेपियन नावाचा कोलंबिया विद्यापीठातला माणूस गुपितांवरच काम करतो. २०१७ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छापलं की गुपिताचा त्रास समोर बसून लपवण्यात कमी होतो, एकट्यानं सारखा तोच विचार घोळवण्यात जास्त होतो. कुणी विचारत पण नसतं, आणि हा गाडीवर जाता जाता, गिरणीत दळण ठेवून उभा असताना, मनातल्या मनात हप्ता मोजायलाय. त्यातनं चिडचिड, त्यातनं "तू मला काही विचारू नको", आणि बायकोला वाटतं माझ्यावरचं मन उडालं. खरं कारण चार हजार सातशेचा हप्ता असतो.

आता मुद्द्यावर. सगळं सांगायचं का? माझं उत्तर, नाही. कॉलेजात कोण आवडायचं, मैत्रिणीनं विश्वासानं सांगितलेलं तिच्या घरचं दुखणं, आईशी फोनवर काय बोलले, हे ज्याचं त्याचं. लग्न झालं म्हणून माणसाचं मन सातबाऱ्यावर दोघांच्या नावानं चढत नाही. पण एक कसोटी आहे, ती मला बाकी सगळ्या उपदेशांपेक्षा कामाची वाटते. मी जे सांगत नाही, ते माहीत असतं तर समोरच्यानं वेगळा निर्णय घेतला असता का? घेतला असता तर ते माझं खाजगी राहिलं नाही, ती फसवणूक झाली, मग मी एक शब्द खोटा बोललो नसलो तरी. बायकोनं पोराची ॲडमिशन महागड्या शाळेत केली कारण तिला वाटतंय घरावर लोन नाही. नवऱ्यानं पुण्याची नोकरी सोडून सोलापुरात यायचं ठरवलं कारण त्याला वाटतंय बायकोची तब्येत ठणठणीत आहे. नवऱ्यानं भिशीतले पाचशे रुपये चहा-नाष्ट्यावर उडवले, कळलं असतं तर काय झालं असतं? दोन शिव्या. निर्णय काही बदलला नसता. सोडून द्या.

## कायदा पण जवळपास हेच विचारतो

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं कलम १२ सांगतं की लग्नाला दिलेली संमती जबरदस्तीनं किंवा फसवणूक करून मिळवली असेल तर ते लग्न कोर्टाकडनं रद्द करून घेता येतं. मूळ कायद्यात फसवणुकीचा अर्थ फार आखूड लावला जायचा, म्हणून १९७६ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं की लग्नाच्या विधीबद्दलची फसवणूक, किंवा समोरच्या माणसाबद्दलची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवणं, दोन्ही त्यात येतात. महत्त्वाची म्हणजे काय ते कायद्यानं यादी करून दिलेलं नाही, कोर्ट प्रकरण बघून ठरवतं, पण ढोबळ अर्थ तोच, की हे माहीत असतं तर हा माणूस बोहल्यावर उभा राहिला असता का.

दोन अटी मात्र आहेत आणि इथंच लोक घसरतात. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आणि कळल्यानंतर राजीखुशीनं एकत्र नांदलात तर हा रस्ता बंद. त्यामुळं "जाऊ दे, बघू पुढच्या दिवाळीपर्यंत सुधारतंय का" असं घरच्या मोठ्यांनी समजावलं आणि पोरगी परत नांदायला गेली की कलम १२ हातातनं जातं, मग घटस्फोटाची वेगळी कारणं शोधावी लागतात. मोठ्यांचा हेतू चांगला असतो, पण निदान वकिलाला विचारून तरी सल्ला द्यावा. (हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू. बाकीच्यांचे कायदे वेगळे आहेत, आणि रजिस्टर पद्धतीनं केलेलं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात येतं, फसवणुकीचं कलम त्यातही आहे.)

आणि हो, पहिलं लग्न मोडलेलं नसताना दुसरं केलं असेल तर तो फसवणुकीच्या पुढचा विषय, ते दुसरं लग्न या कायद्यात मुळातच बेकायदा.

लग्नाआधी स्पष्ट सांगण्याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी जानेवारीत संमती कट्ट्यावर नंदीध्वजांचा अक्षता सोहळा होतो, त्याच्यामागची कथा सगळ्यांना पाठ आहे. कुंभाराच्या लेकीनं सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणलं, त्यांनी तिला झुलवत ठेवलं नाही, लग्न करता येणार नाही हे सांगितलं आणि योगदंडाशी तिचा विवाह लावायचा मार्ग काढला. स्थळ बघायला आल्यावर पगारात ओव्हरटाइम मिसळून सांगणाऱ्यांनी निदान यात्रेत तरी हे आठवावं.

आता लग्नाआधीचं प्रेमप्रकरण सांगावं का, हा तर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कसोटी तीच लावा. संपलेलं प्रकरण, त्याचा आजच्या कुठल्या निर्णयाशी संबंध नाही, तर सांगायची सक्ती कुणी करू नये, खासकरून बाईला, कारण आपल्याकडं नवऱ्यानं सांगितलेलं "कॉलेजातली गंमत" होतं आणि बायकोनं सांगितलेलं आयुष्यभर भांडणात निघतं. पण जो माणूस रोज त्याच गल्लीत भेटणार आहे, ज्याच्याकडं फोटो आहेत आणि तो पाठवायची धमकी देतोय, किंवा ज्याला दर महिन्याला पैसे चाललेत, ते संपलेलं नाही. ते सांगा. आजार आणि औषधं तर सांगाच, मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर ती पण. "लग्नानंतर सगळं ठीक होतं" हे वाक्य कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

## मोबाइल, रेकॉर्डिंग आणि तो व्हॉट्सॲपवरचा निकाल

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला आणि लगेच मेसेज फिरायला लागले, "आता बायकोचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करा, कोर्टानं परवानगी दिली". असं काही झालेलं नाही, आधी मूळ गोष्ट समजून घ्या.

आपल्या पुराव्याच्या कायद्यात पूर्वीपासून एक तरतूद आहे, लग्न टिकून असताना नवरा-बायको एकमेकांशी जे बोलले ते कोर्टात उघड करायची सक्ती करता येत नाही, आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय उघड करताही येत नाही. इंग्रजांच्या काळच्या १८७२ च्या कायद्यात हे कलम १२२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला त्यात ते १२८ झालं. म्हणजे उद्या कुणी तिसऱ्यानं नवऱ्यावर केस केली तर "रात्री त्यानं तुला काय सांगितलं" हे बायकोच्या तोंडून वदवून घेता येत नाही. पण त्याच कलमात अपवाद आहे, भांडण नवरा आणि बायको यांच्यातच असेल, किंवा एकानं दुसऱ्यावर गुन्हा केला असेल, तर हे संरक्षण लागू नाही.

२०२५ च्या निकालात कोर्टानं हाच अपवाद धरला आणि म्हणलं की घटस्फोटाच्या केसमध्ये असं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून दाखल करून घेता येईल, खाजगीपणाच्या मुद्द्यावर ते बाहेर फेकता येणार नाही. आणि सोबत असंही म्हणलं की एकमेकांवर पाळत ठेवायची वेळ आली असेल तर ते लग्न आधीच मोडकळीला आल्याचं लक्षण आहे. पहिला भाग सगळ्यांनी फॉरवर्ड केला, दुसरा कुणी केला नाही. दाखल करून घेणं म्हणजे खरं मानणं पण नव्हे, आवाज तोच आहे का, काटछाट झालीय का, हे सगळं तपासलं जातं.

राहिलं व्यभिचाराचं. तो गुन्हा होता, २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कलम ४९७ रद्द केलं. आता त्यासाठी जेल नाही, पण घटस्फोटाचं कारण म्हणून ते अजून आहेच. पोलीस स्टेशनला जाऊन "हिला/ह्याला आत टाका" म्हणून उपयोग नाही.

रोजच्या आयुष्यात मोबाइलचा प्रश्न वेगळाच असतो, पासवर्ड द्यायचा का. मला विचाराल तर पासवर्ड देणं म्हणजे प्रामाणिकपणा नाही. ज्याला लपवायचंय तो दुसरं सिम घेतो. आणि ज्याला मागितल्याशिवाय झोप येत नाही त्याला पासवर्ड मिळाल्यावर पण येत नाही, मग डिलीट केलेले मेसेज शोधणं सुरू. त्यापेक्षा बँकेची पासबुकं एका ड्रॉवरमध्ये ठेवा, चॅट राहू द्या ज्याचं त्याच्याकडं.

## पैसा, म्हणजे खरी भानगड

समजा असा फोन येतो.

"अहो, कुठल्या तरी पतसंस्थेतनं फोन आलता, तुमच्या नावानं काहीतरी थकलंय म्हणायलेत."

"काही नाही गं, राँग नंबर असंल."

हे राँग नंबर प्रकरण बहुतेक वेळा जामीनकीचं असतं. आपल्याकडं जामीन राहणं म्हणजे नुसती एक सही, असं समजतात, "दोस्त आहे बे, सही तर करायचीय". कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे दोस्तानं पाच लाख घेतले आणि फेडले नाहीत तर आधी त्याच्या मागं लागा, तो सापडला नाही तर मग माझ्याकडं या, असं साधारणपणे म्हणता येत नाही. थेट तुमच्या पगाराकडं, खात्याकडं येऊ शकतात. आता कसोटी लावा, बायकोला हे माहीत असतं तर तिनं वेगळा निर्णय घेतला असता का? ती बिचारी फ्लॅटचं बुकिंग करायलीय.

आणि फ्लॅटच्या लोनसाठी बँकेत गेल्यावर ते लपत पण नाही. क्रेडिट रिपोर्टमध्ये स्वतःची लोनं दिसतात, जामीन राहिलेलं पण दिसतं. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. देशात असे रिपोर्ट काढणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीकडनं वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. लग्न ठरताना पत्रिका बघतात त्या बैठकीत दोघांनी हा रिपोर्ट एकमेकांना दाखवला तर निम्मी भांडणं व्हायच्या आधीच संपतील. पाहुणे तोंड वाकडं करतील, करू देत.

मोबाइल गेमचं पण इथंच. रमीच्या ॲपवर नवऱ्यानं किती घालवले हे घरात कळायचं नाही, कारण पैसे जायचे पाचशे-हजारच्या तुकड्यांनी. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. कायद्यानं गेम बंद होतो, त्यासाठी काढलेलं लोन बंद होत नाही, त्याचे हप्ते घरात तसेच चालू असतात आणि तेच लपवलेले असतात.

सोन्याबद्दल तर लई गैरसमज. बायकोला माहेरनं आलेलं, लग्नात तिला म्हणून मिळालेलं सोनं तिचं स्त्रीधन. सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्येच सांगितलं की त्यावर तिचा पूर्ण हक्क, सासरच्यांकडं ठेवायला दिलं तरी मालकी तिचीच. एप्रिल २०२४ मध्ये परत सांगितलं, लग्नामुळं स्त्रीधन दोघांचं सामाईक होत नाही, अडचणीत नवऱ्यानं वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करायची जबाबदारी त्याच्यावर आहे. त्यामुळं तिला न विचारता पाटल्या तारण ठेवून "घरासाठीच केलं की" म्हणणं चालत नाही. विचारलं असतं तर कदाचित तिनं स्वतः काढून दिल्या असत्या, यंत्रमाग बंद पडला तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत बायकांनी दिल्याच. न विचारता गेलेलं सोनं सुटून परत आलं तरी ती गोष्ट काही सुटत नाही.

मग बायकांच्या डब्यातल्या पैशाचं काय? ८ नोव्हेंबर २०१६, रात्री आठला घोषणा, मध्यरात्रीपासून पाचशे-हजारच्या नोटा बंद. त्या आठवड्यात अख्ख्या महाराष्ट्रात तांदळाच्या डब्यांतनं, साड्यांच्या घड्यांतनं, देव्हाऱ्यामागनं नोटा बाहेर आल्या आणि लाखो नवऱ्यांना एकाच वेळी कळलं. जोक लई झाले तेव्हा. मला त्यात हसण्यासारखं कमी वाटतं. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागं मजुरी मिळते, ती तिनं दिवसभर सुपात मान घालून कमावलेली असते, आणि संध्याकाळी ती नवऱ्याच्या हातात गेली की कुठं जाते हे तिला माहीत असतं. तिनं त्यातलं थोडं बाजूला ठेवलं तर कसोटी लावून बघा. त्या पैशानं नवऱ्याचा कुठला निर्णय हिरावला गेला? दारूचा. मग ठेवू दे.

हे ठासून सांगतोय कारण प्रामाणिकपणाच्या नावाखाली बायकांकडनंच सगळा हिशेब मागायची आपल्याकडं पद्धत आहे. लाडकी बहीणचे १५०० रुपये ऑगस्ट २०२४ पासून थेट बाईच्या खात्यात यायला लागले, आणि कित्येक घरांत पहिला प्रश्न "एटीएम कुठंय तुझं?" हा होता. त्याच घरात नवऱ्याचा पगार नेमका किती, हे बायकोला लग्नाला दहा वर्षं होऊन पण माहीत नसतं. मारहाण होते, पैसे हिसकावले जातात अशा घरात खरं लपवणं हा जीव वाचवायचा भाग आहे, तिथं माझी कसोटी पण लागू करू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात खर्चाला पैसे न देणं, तिचं उत्पन्न किंवा स्त्रीधन काढून घेणं हे आर्थिक छळ म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. महिला हेल्पलाइन १८१. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

भांडण पोटगीपर्यंत गेलं तर पगार लपवण्याचा खेळ आता अवघड झालाय. नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलं की पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, देणी हे सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यायचं. त्यात खोटं लिहिलं तर त्याची वेगळी कारवाई होऊ शकते. दोघांनीही, हे परत वाचा, नोकरी असून "मी काहीच करत नाही" असं लिहिणाऱ्या बायकांना पण ते लागू आहे.

एक शेवटची लपवाछपवी, ज्यात कुणाचाच वाईट हेतू नसतो. नवऱ्यानं पोरीच्या नावानं एफडी करून ठेवली, सरप्राइज म्हणून, आणि कुणाला सांगायच्या आधीच गेला. कोविडात किती घरांत हे झालं. दहा वर्षं कुणी हात लावला नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते, वारसांना नंतरही मागता येते, पण आधी माहीत तर पाहिजे. त्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे, तिथं नाव टाकून शोधता येतं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे ताब्यात घेऊन वारसांना देणारा माणूस, हे पण घरात एकदा बोलून ठेवा.

## मग सांगायचं कसं

ज्याचं काही दडलेलं आहे त्याचा सगळ्यात मोठा घोळ म्हणजे तुकड्या-तुकड्यानं सांगणं. आधी "पन्नास हजार आहेत". ती रडली, चिडली, मग निवळली. महिन्यानं कळतं, दोन लाख आहेत. परत रडारड. मग ॲपचं निघतं. पहिल्या वेळी तिनं मन मोठं केलेलं असतं ते पन्नास हजारासाठी, दुसऱ्यांदा तेवढं मोठं होत नाही, तिसऱ्यांदा ती आकडा ऐकतच नाही, तिला वाटतं अजून किती असेल. म्हणून सांगायच्या आधी सगळा आकडा स्वतः काढा. क्रेडिट रिपोर्टची प्रिंट, पतसंस्थेचा उतारा, हातउसने घेतलेल्यांची नावं, सगळं एका कागदावर. पोरं झोपल्यावर सांगा, सासूबाईंसमोर नको, जेवणाच्या ताटावर तर नकोच.

ऐकणाऱ्याचं पण काम आहे बरं का. घरात खरं बोलायची किंमत किती, हे ऐकणारा ठरवतो. मागच्या वेळी दोन हजार हरवले म्हणून सांगितलं तर आठ दिवस अबोला आणि मेहुण्यापर्यंत बातमी, असं झालं असेल तर वीस हजार हरवल्यावर कोण सांगेल? ह्याचा अर्थ गपगुमान सहन करा असा नाही. चिडा, दोन दिवस बोलू नका, पण सांगितल्याची शिक्षा आणि केल्याची शिक्षा ह्या दोन वेगळ्या ठेवा. आणि त्याच रात्री "मी सगळं माफ केलं" असलं काही बोलू पण नका, तो शब्द पाळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून पतसंस्थेत जायचं. एकट्या नवऱ्याला पाठवू नका, आणि तिनंही "तुमचं तुम्ही निस्तरा" म्हणून घरी बसू नये, कारण व्याज घरावरच चढणार आहे. मॅनेजरला भेटून हप्ता लांबवून किंवा बांधून मागता येतो का ते विचारायचं, लेखी अर्ज द्यायचा, त्याची पोच घ्यायची. अर्ज खातं थकायच्या आधी गेला तर तो ऐकून घेतो, वसुलीचा माणूस दारात आल्यावर तोच मॅनेजर जागेवर सापडत नाही. जामीनकीचं असेल तर मूळ कर्जदार दोस्ताला पण सोबत घेऊन जायचं, आणि तो "उद्या येतो" म्हणला तर त्याच्या घरी जायचं, त्याच्या बायकोला पण माहीत नसेल.